नळाखालची राजधानी

लोयांगमध्ये जमिनीला हात लावायची सोय नाही. कुदळ मारली की खाली कुणीतरी राजा निघतो. राजा नाही तर राजाचा मामा, मामाही नाही तर निदान मामाच्या घोड्याचं हाड. मग उत्खननवाले येतात, दोरी बांधतात, ब्रश काढतात आणि काम थांबतं. फान दलिन या शहराच्या नळखात्यात एकतीस वर्षं पाइप टाकत होते. त्यांतली नऊ वर्षं, त्यांच्याच हिशेबानं, त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून नुसती वाट पाहण्यात घालवली होती. गल्लीतले लोक त्यांना 'लाओ फान' म्हणायचे. आपण फानराव म्हणू, भाव तोच.

असा माणूस खरं तर शहरावर चिडलेला असायला हवा. पण नाही. फानरावांना आपल्या शहराचा अभिमान इतका, की पाहुण्याला पाण्याचा ग्लास देतानाही ते सांगत, "हे पाणी सम्राज्ञीच्या बागेखालून येतं बरं का." पाहुणा ग्लासात वाकून बघायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी शाओमान शिआनला नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाच्या प्रेमात पडली. मुलगा चांगला होता. उंच, निर्व्यसनी, भांडी घासणारा. दोष एकच. तो शिआनचा होता. आमच्याकडे तेरा राजघराण्यांची राजधानी होती, असं लोयांगचं पोर शाळेत पहिल्या दिवशी शिकतं. शिआनचं पोरही नेमकं तेच, तेवढाच आकडा धरून शिकतं. दोन शहरं, दोघांची तेरा-तेरा. आगगाडीनं दोन तासांचं अंतर आणि दीड-दोन हजार वर्षांची चुरस.

तेवढ्यात व्याह्यांचा निरोप आला. दांग युंगह, वय एकसष्ट, शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी सकाळी आठच्या गाडीनं परत. लग्नाच्या जेवणाचं समोरासमोर ठरवू. आणि शेवटी एक ओळ: 'माझ्या मते एकच मोठं जेवण शिआनला करावं. तुमची माणसं बसनं आणता येतील.'

बसनं! फानरावांनी ती ओळ चार वेळा वाचली. शाओमान चार वर्षांची असताना ते तिला सायकलच्या दांड्यावर बसवून रात्री फिरवायचे. जुन्या राजवाड्याच्या जागेवर तेव्हा ना दिवे होते ना दरवाजे. काळोख, उकिरडे आणि मोकळी मैदानं. "याच्या खाली राजवाडा आहे," ते सांगायचे, "आणि राजवाड्याच्या वर माझा दहा इंची पाइप आहे." ती पेंगत पेंगत घराण्यांची नावं मोजायची आणि नवव्याला झोपायची. तिच्या लग्नाचं जेवण, चोवीस वाडग्यांची ती लोयांगची रसदार पंगत, याच गावात व्हायला हवी होती. नंतर ती जन्मभर शिआनची होणारच होती. एक दिवस तरी गावाचा!

"रात्रीचं शहर दाखवतो त्यांना," फानरावांनी बायकोला, शूछिनला, जाहीर केलं. "एकाच संध्याकाळी. दिव्यांत न्हालेलं. बघून स्वतःच म्हणतील, जेवण इथेच."

"दाखवा," शूछिन म्हणाली. "फक्त वाद घालू नका."

"मी कधी वाद घालतो?"

शूछिन पाहुण्याची गादी उन्हात टाकायला गेली.

बेत गल्लीत फुटायला अर्धा तास लागला. कारण बेत चौथ्या मजल्यावरच्या कांगमावशींना कळला. कांगमावशी बसमध्ये कंडक्टर होत्या आणि निवृत्तीनंतरही आवाज खाली आलेला नव्हता. त्यांच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. गेली दोन वर्षं त्या बादल्या उचलत होत्या आणि खाली फानराव दिसले की मुद्दाम खळ्ळकन खाली ठेवत होत्या. आता कुठे गल्लीच्या तोंडाशी नवा पाइप टाकायला चर खणायला घेतला होता. महिनाअखेर पाणी, असा फानरावांचा शब्द होता.

"व्याह्याला राजवाड्याच्या मोठ्या दरवाजावर न्या," मावशींनी तिकीट फाडल्यासारखा सल्ला दिला. "वरून सगळं दिसतं. आणि लाओ फान, पाणी?"

"महिनाअखेर, मावशी. या वेळी खाली काहीही नाही. मी स्वतः पाहिलंय. माती आहे, नुसती माती."

"मागच्या वेळीही मातीच होती. मग तिला कान फुटले." मागच्या वेळी मातीचा उंट निघाला होता.

तळमजल्यावरचे पेंगकाका ट्रॅक्टर जोडण्यात हयात घालवलेले. त्यांचं म्हणणं, व्याह्याला आधी खायला घालावं, म्हणजे मग डोळे आपोआप दिपतात. फानरावांनी दोन्ही सल्ले घेतले, कागदावर मिनिटामिनिटाचा तक्ता केला आणि दरवाजाचं बुकिंग करायला मोबाइल हातात घेतला. शाओमानकडून व्याह्यांचा ओळखपत्र क्रमांक मागवला. बुकिंग रात्री बाराला उघडतं, हे कळल्यावर ते शुक्रवारी रात्री डोळ्यांना पाणी लावून बसले. बारा वाजून चार मिनिटांनी त्यांनी 'उद्या' दाबलं आणि जग जिंकल्यासारखे झोपले. बारा वाजून गेल्यावर शनिवार लागलेला असतो आणि शनिवारचा उद्या म्हणजे रविवार, हा विचार त्या घटकेला जिवंत असलेल्या कुणाच्याही डोक्यात आला नसता, असं ते पुढे सांगत. शूछिनच्या मते तिच्या डोक्यात आला असता.

*

दांगव्याही गाडीतून उतरले ते पोट पुढे आणि पिशवी मागे. पिशवीत शिआनचे पर्सिमन फळाचे वाळवलेले लाडू आणि शिआनच्या जुन्या नगरकोटाचं एक मोठं चित्र होतं. चित्र त्यांनी फलाटावरच फानरावांच्या हातात दिलं.

"तुमच्या बैठकीत लावा. खरा कोट आहे. सहाशे वर्षांचा. वर सायकल चालवता येते."

फानराव हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: लू बाई (खड्डा). उत्खननवाल्यांच्या लू छ्यान. या बाईंचा फोन म्हणजे काम बंद, हा एकतीस वर्षांतला ताजा आणि पक्का अनुभव. शनिवारी संध्याकाळी, व्याही समोर असताना? फानरावांनी फोन कापला.

दरवाजापाशी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. समोर यिंगथ्यान दरवाजा सोन्यासारखा पेटला होता आणि खाली अख्खं लोयांग थांग राजांच्या काळात गेलं होतं. एप्रिल, पिओनी फुलांचा हंगाम. केसांत कृत्रिम फुलं, पायघोळ रेशमी झगे, कपाळावर लाल टिकल्या लावलेल्या हजारो पोरी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून भाजलेली काडी-कबाबं खात होत्या. फानरावांची छाती दोन बोटं फुगली. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत ती तशीच राहिली.

"आजोबा, हे बुकिंग उद्याचं आहे," फाटकावरची मुलगी म्हणाली.

"उद्याच तर... आज आहे."

"आज आज आहे, आजोबा."

"अगं, मी या शहराला पाणी देतो!"

"थँक यू, आजोबा. पण उद्या या."

मागून कुणीतरी सुचवलं, की आज जुन्या पोशाखात येणाऱ्यांची रांग वेगळी आहे, तिथे बुकिंग विचारत नाहीत. पोशाख शोधत फिरायचीही गरज नव्हती. दहा पावलांवर पोशाख भाड्यानं देणाऱ्या दुकानांची ओळच होती.

हंगामामुळे पुरुषांचे दोनच पोशाख उरले होते. एक पिवळाधमक राजझगा, छातीवर नाग-नागीण वेटोळून बसल्यासारखा ड्रॅगन, सोबत मणी लटकणारा मुकुट. दुसरा करडा, अरुंद, हातात घोड्याच्या शेपटीच्या केसांची चवरी. दुकानदारीण व्यवहारी होती. तिनं दोघांची पोटं पाहिली आणि निकाल दिला.

"हे सम्राट. तुम्ही सेवक."

"दुसरं काही नाही?" फानरावांनी कपाटात डोकावत विचारलं.

"आहे. सम्राज्ञी."

फानराव सेवक झाले. दोघांचे कपडे, सामान आणि घराची किल्ली दुकानाच्या कपाटात गेली. अकराच्या आत झगे परत आणायचे, मातीचा डाग नको, ही अट.

अशा रीतीनं ज्या दरवाजातून सम्राज्ञी प्रजेला दर्शन द्यायची, त्यातून त्या रात्री शिआनचे दांग युंगह सम्राटाच्या थाटात आत गेले आणि मागून झग्याचं शेपूट धरून लोयांगचे फान दलिन. पोरींनी गराडा घातला. "सम्राटांबरोबर एक फोटो!" "अहो सेवककाका, जरा बाजूला व्हा ना." "नाही नाही, थांबा, मागे वाकून उभे राहा. अय्या, किती छान वाकता!"

सव्वीस फोटो झाले. दांगव्याह्यांनी दर फोटोला हनुवटी थोडी आणखी वर नेली. तक्त्यातली चाळीस मिनिटं त्यात गेली.

वर पोचल्यावर वारा लागला, खाली दिव्यांचा समुद्र पसरला. फानराव म्हणाले, "बघा व्याहीबुवा."

दांगनी खांबावर बोटानं टकटक केलं. "केव्हाचा आहे?"

"मूळ चौदाशे वर्षांपूर्वीचा."

"मूळ राहू द्या. हा?"

फानराव चवरीकडे बघत पुटपुटले, "हा तसा... अलीकडचा."

"माझी सायकल याच्याहून जुनी आहे," दांग म्हणाले.

खरा पाया खाली काचेत जपलाय, असं फानराव सांगू लागले. "दाखवा की!" पण गर्दी एका दिशेनं वाहत होती आणि पाया दुसऱ्या दिशेला होता. सम्राट-सेवक दोघेही वाहत वाहत नदीच्या पुलावर पोचले. तिथेही आशा होती. पुलावरून उंच मनोरा दिसतो, मजल्यामजल्यानं पेटलेला, जणू आकाशाला लावलेलं निरांजन. लोकांना बाजूला सारत फानरावांनी कठड्यापाशी जागा केली, व्याह्यांना उभं केलं, हात वर केला, "ते बघा!" आणि ठरल्या वेळी सगळे दिवे मालवले.

"काय बघू?" अंधारातून दांगव्याह्यांचा आवाज आला.

फोन वाजला. लू बाई (खड्डा). फानरावांनी कापला.

"कोण हो या लू बाई?" दांगनी विचारलं. "स्टेशनावर फोन, दरवाजावर दोनदा फोन, आता पुलावर फोन."

"ऑफिसातलं आहे."

"शनिवारी रात्री दहाला?" मुकुटाच्या मण्यांआडून व्याह्यांचे डोळे बारीक झाले. "तुमच्या घरी ठाऊक आहे का?"

फानराव एवढे दुखावले, की त्यांनी उत्तरच दिलं नाही. आणि उत्तर न देणं किती वाईट दिसतं, हे त्यांना पन्नास पावलं पुढे गेल्यावर समजलं.

*

आता एकच हत्यार उरलं होतं, पेंगकाकांचं. जुन्या शहरातल्या एका बोळात एक म्हातारा रात्रीच धिरड्यांचं सार विकतो. धिरडं एकाच बाजूनं भाजायचं, उलटायचं नाही. मग ते आंबट, मिऱ्यानं जळजळीत साराच्या वाडग्यात सोडायचं. फानरावांनी दोन वाडगे मागवले. म्हाताऱ्यानं सम्राटाकडे, मग सेवकाकडे पाहिलं आणि सेवकाच्या हातात दोन्ही वाडगे दिले.

दांगव्याही चवीनं खात होते हे दिसत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, मणी बाजूला सारावे लागले, दुसरा वाडगा मागवला गेला. फानराव श्वास रोखून बसले.

"मिरं बरं आहे," दांग म्हणाले. मग तोंड पुसून, "आमच्याकडे रोटी कुस्करून मटणाच्या रश्श्यात घालतात. ती स्वतःच्या हातानं कुस्करायची. जेवण म्हणजे थोडं काम हवं. असो. लग्नाच्या जेवणाचं मी सभागृह बघून ठेवलंय. कोटाला लागूनच."

फानरावांना वाटलं, आत कुणीतरी झडप बंद केली. साराची वाफ डोळ्यांत गेली, असं दाखवून त्यांनी डोळे पुसले. डोळ्यांपुढे चार वर्षांची शाओमान सायकलच्या दांड्यावर पेंगत होती आणि नववं घराणं आलं होतं.

साडेदहा होऊन गेले होते. अकराच्या आत झगे परत द्यायचे तर जवळची वाट एकच, त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडावरून. तिथे त्यांचाच चर होता. दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये लाल फीत. फीत दुपारी नव्हती, पण तेवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

"फळी आहे त्यावर. या. माझाच खड्डा आहे," फानराव म्हणाले आणि पत्रा सरकवला.

सम्राट फळीवर चढले. सेवकानं शेपूट उचललं. फळीच्या मध्यावर फोन पुन्हा वाजला, फानराव दचकले, शेपूट हातातून सुटलं आणि त्यांचाच पाय त्यावर पडला. सम्राट पुढे निघाले होते. झगा मागे राहिला. क्षणभर दोघांत ओढाताण झाली, आणि दांगव्याही मुकुटासकट छातीएवढ्या खड्ड्यात मऊ मातीवर उभेच्या उभे उतरले.

"हलू नका!" खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाकडून बाईमाणसाचा आवाज आला. डोक्यावर दिवा, हातात ब्रश, गुडघ्यापर्यंत माती. "महाराज, जिथे आहात तिथेच! डावा पाय उचलू नका!"

"लागलं का?" वरून फानराव ओरडले.

"लागलं नाही," खालून दांग म्हणाले. "पण ही कोण?"

"मी लू," बाई म्हणाल्या. "आणि वर चवरी घेऊन फानकाका आहेत ना? सोळा फोन केले, काका! सोळा!"

"अच्छा," दांग म्हणाले. "या लू बाई."

लू बाई सांगत होत्या ते असं. दुपारी चार वाजता मजुराची कुदळ घट्ट मातीला लागली. त्यांनी येऊन साफ केलं. खाली रस्ता होता. खरा. शेकडो वर्षं गाड्या जाऊन जाऊन चाकांच्या दोन खोल रेघा पडलेला, बहुधा थांग काळातला. आज रात्रीच झाकायला हवा, त्यासाठी काम बंदच्या कागदावर फानकाकांची सही हवी, आणि महाराजांचा डावा पाय आत्ता नेमका एका चाकोरीत होता.

दांगव्याह्यांनी खाली पायाकडे बघितलं. मग हळूच, पाय न हलवता, पिवळ्या झग्यात कमरेतून वाकले आणि दोन रेघांतलं अंतर वितीनं मोजलं.

"दोन घोड्यांची गाडी," ते म्हणाले. "ओझ्याची नाही. ओझ्याच्या चाकोरीचे काठ ढासळतात. आणि खालची माती कुटून बसवलीय, बघा, थर दिसतात."

लू बाईंचा ब्रश थांबला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तीस वर्षं शिआनला गरम पाण्याचे पाइप टाकले." मग वर बघून, अंधारात, फानरावांना, "एका थडग्यासाठी साडेतीन वर्षं थांबवलं होतं मला. साडेतीन! अर्ध्या पेठेनं हिवाळा घरात अंगावर कोट घालून काढला."

"मला चार," फानराव नकळत म्हणाले. ते काठावर बसले. "भट्ट्या निघाल्या होत्या. रोज एक नवी."

"भट्टी काय, भट्टी! मला रथ निघाला. घोड्यांसकट."

"मला सहा घोड्यांचा!"

"काका," लू बाई म्हणाल्या, "महाराजांचा फोटो काढू दे आधी."

काळी-पांढरी मापपट्टी दांगव्याह्यांच्या बुटाशेजारी लागली, लख्ख उजेड पडला, तीन बाजूंनी फोटो झाले. मग व्याह्यांना वर ओढून घेतलं आणि कागद आला. टेबल नव्हतं. दांगव्याही मुकाट्यानं पाठ वाकवून उभे राहिले, आणि सम्राटाच्या पाठीवर, ड्रॅगनच्या शेपटीशेजारी, फानरावांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं काम बंद केलं. एकतीस वर्षांत अशा कागदावर सही करताना प्रत्येक वेळी त्यांचा हात जड झाला होता. आज नाव जरा मोठंच लिहिलं गेलं.

"तुमची शाओमान पहिल्यांदा घरी जेवायला आली ना," पाठ वाकलेली असतानाच दांग म्हणाले, "तेव्हा तिनं आम्हाला तासभर सांगितलं, लोयांगमध्ये कुठल्या पाइपाखाली कुठला राजा आहे. नूडल्स गार झाल्या. माझी बायको म्हणाली, ही पोर वेडी आहे. मी म्हटलं, हिला हे शिकवणारा बघायला हवा." ते सरळ झाले आणि झग्याची माती झटकू लागले. "मला तुमचे दिवे बघायचेच नव्हते. तुम्ही मिनिटामिनिटाला दिव्याखाली नेत होता, मग मी तरी काय करणार? खोडी काढत होतो."

फानरावांना बरंच काही बोलायचं होतं. पण त्यांनी चवरी उचलली आणि व्याह्यांच्या पाठीवरची माती झटकली.

"पहिलं जेवण इथे," दांग म्हणाले. "चोवीस वाडगे म्हणजे चोवीस. तेविसाव्याला उठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे शिआनला, बसनं."

"बसनं," फानराव म्हणाले. या वेळी तो शब्द त्यांना अगदी चांगला वाटला.

झग्यावर माती होती, अकरा वाजून गेले होते आणि किल्ली दुकानाच्या कपाटात अडकली होती. तेव्हा शूछिनकडून दार उघडवून घेऊ म्हणत सम्राट आणि सेवक तसेच घराकडे निघाले. शेपूट कुणी धरलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी कांगमावशी रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. अख्ख्या गल्लीला आवाज गेला होताच. त्यांनी बादली खळ्ळकन खाली ठेवली.

"लाओ फान. काम थांबलं?"

"थांबलं, मावशी."

"किती?"

"सांगता येत नाही. वर्ष. दोन."

मावशींनी दोन पोशाखांकडे, मग गल्लीच्या तोंडाशी हलणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. "निघालं काय?"

"रस्ता. थांगचा. चाकांच्या रेघा आहेत अजून."

"आपल्या गल्लीखाली?"

"आपल्या गल्लीखाली."

 मावशींनी बादली उचलली आणि जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यापाशी त्यांचा कंडक्टरचा आवाज घुमला. शेजारच्या झंगजोऊ शहरातल्या बहिणीला फोन लागला होता.

"झोपलीस? ऊठ. तुझ्याकडे पाणी येतं ना चोवीस तास? येऊ दे. तुझ्या नळाखाली काय आहे, ते आधी सांग!"